पानं कुरतडली जाणारच! फुलपाखरांच्या बागेबद्दल वाचकांचे प्रश्न

फुलपाखरांच्या बागेबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत ‘फुलं कोणती लावू?’ हा प्रश्न आहे. त्याला इथे मुद्दाम बगल दिली आहे. सदाफुली, पेंटास, एकदांडी यांवर फुलपाखरू मध प्यायला येतं आणि निघून जातं. त्याचं बस्तान बसतं ते अळीला खाता येईल असं पान मिळालं तर. आणि प्रत्येक जातीच्या अळीचं पान ठरलेलं असतं. म्हणून या वेळी फक्त पानांचे आणि अळ्यांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेची. ग्रिलमध्ये सात कुंड्या मावतात, ऊन सकाळचे तीन-साडेतीन तास. एवढ्यात अळ्यांसाठी काय लावता येईल? आणि इतक्या वर फुलपाखरं येतात का? (डोंबिवली)

येतात. अंडी घालायला निघालेली मादी वासावर आणि पानाच्या रूपावर झाड हुडकते, मग पानावर बसून पुढच्या पायांनी टकटक करत चव घेते आणि खात्री पटली की अंडं चिकटवते. तिसरा-चौथा मजला तिला जड नाही.

सात कुंड्यांची आमची वाटणी अशी : दोन कढीपत्ता, एक लिंबू, एक पानफुटी, एक कृष्णकमळ, एक कोरांटी आणि एक कुंडी नुसती मातीची.

कढीपत्ता दोन लावा, एक नको. त्यावर कॉमन मॉर्मन हमखास येतं, कधी लाइम बटरफ्लायही. दोन फुटी झाड तीन, फार तर चार अळ्या पोसतं. अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं शेवटच्या पाच-सहा दिवसांत खाते. त्यामुळे पहिला आठवडा ‘झाड पुरेल’ असं वाटतं आणि मग दोन दिवसांत नुसत्या काड्या उरतात. तेव्हा अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या आणि पहिल्याला विसावा द्यायचा. कुंडी बारा ते चौदा इंची घ्या. लिंबासाठी नर्सरीत जायची गरज नाही. कागदी लिंबाच्या ताज्या बिया धुऊन लगेच पेरल्या की दोन-तीन आठवड्यांत उगवतात. फळ आपल्याला हवंच कुठे आहे!

पानफुटीला आठ इंची कुंडी आणि कमी ऊन चालतं. तिच्यावर रेड पिएरो येतं. याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पानावर पारदर्शक डाग पडतो आणि आत काळे ठिपके दिसतात, ती अळीची विष्ठा. पुष्कळ जण ‘पान सडलं’ म्हणून तोडून टाकतात आणि अळीही कचऱ्यात जाते. डागाळलेलं पान उजेडाकडे धरून बघा, आत हालचाल दिसेल.

कृष्णकमळाचा वेल ग्रिलवर चढतो आणि टॉनी कोस्टर त्याच्यावर अंड्यांचा पुंजका घालतं. अळ्या काटेरी दिसतात, पण हाताला काही होत नाही. मात्र एका वेळी वीस-पंचवीस असतात, वेल बोडका करतात. कोरांटीवर ब्लू पॅन्झी आणि लेमन पॅन्झी येतात. पण खिडकीत त्यांची शक्यता कमी, ती जमिनीलगत उडणारी आहेत. उगाच मोठी आशा लावून घेऊ नका.

मातीची रिकामी कुंडी जूनमध्ये पावसाला उघडी ठेवा आणि तण उपटू नका. घोळ आली तर डनाइड एगफ्लाय येऊ शकतं. टाकळा उगवला तर कॉमन ग्रास यलो आणि एमिग्रंट नक्की. आपोआप उगवला नाही तर कुठल्याही मोकळ्या प्लॉटवरून शेंगा आणा. बी कडक असतं, पॉलिश पेपरवर थोडं घासून रात्रभर भिजवा.

रुई मात्र खिडकीत नको. तिचं मूळ खोल जातं आणि चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. प्लेन टायगर हवंच असेल तर हळदीकुंकू नावाचं झुडूप लावा. चीक त्यालाही आहे. छाटल्यावर हात धुवा, डोळे चोळू नका.

प्रश्न : नर्सरीतून कढीपत्ता आणि मोसंबीची रोपं आणली. आठ दिवसांत अंडी दिसली, अळ्याही निघाल्या, पण दोन-तीन दिवसांत काळ्या पडून मेल्या. तीनदा असंच झालं. आम्ही कसलंच औषध मारत नाही. (नाशिक)

तुम्ही मारत नाही, पण रोपात ते आधीपासून असावं. नर्सरीत लिंबूवर्गीय रोपांना पानं पोखरणारी अळी आणि मावा लागू नये म्हणून इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम देतात. ही आंतरप्रवाही औषधं आहेत. मुळांतून शोषली जातात आणि पानापानांत पोचतात. वरून पान धुतलं तरी ती जात नाहीत. विषबाधेची खूण म्हणजे अळी आखडते, थरथरते, तोंडातून हिरवं पाणी टाकते आणि आक्रसून मरते. रोगाने मेलेली अळी याउलट मऊ पडते, फांदीला उलटी लोंबते आणि फुटली तर काळा, घाण वासाचा द्रव येतो. तुमच्या अळ्या तिन्ही वेळा, निघाल्यावर दोन-तीन दिवसांतच मेल्या, त्यावरून पहिला प्रकार दिसतो.

उपाय सोपा, पण वेळखाऊ. रोप पिशवीतून काढा, मुळांना फार धक्का न लावता जुनी माती जमेल तेवढी झटका. नव्या मातीत लावा : दोन भाग बागेची माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा वाळू. आहेत ती पानं छाटून टाका. नवी पालवी येईल तीही पहिल्यांदा छाटा. असे किमान तीन महिने जाऊ द्या आणि तोवर झाडावर नेट टाकून ठेवा, नाहीतर मादी तिथे अंडी घालतच राहील. मग एकच अळी सोडून बघा. ती कोषात गेली तर नेट काढा. पुढच्या खेपेला रोप घेताना ‘आंतरप्रवाही औषध दिलंय का’ असं स्पष्ट विचारा. सगळ्यात बिनधोक म्हणजे घरी बियांपासून केलेलं रोप, किंवा शेजाऱ्याच्या जुन्या कढीपत्त्याच्या मुळातून फुटलेलं पिल्लू.

विष घरात येण्याच्या आणखी काही वाटा आहेत, त्याही तपासा. निंबोळी पेंड ‘सेंद्रिय’ असली तरी तिच्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन मुळांवाटे पानांत जातं आणि अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. अळ्यांच्या कुंडीत ती घालायची नाही, निंबोळी तेलही फवारायचं नाही. बीटी म्हणून मिळणारी जैविक पावडर तर खास अळ्या मारायलाच असते. मुंग्या मारायचा खडू कुंडीवर ओढू नका. सोसायटीत डासांसाठी धूर मारायला येणार असतील त्या दिवशी कुंड्या आत घ्या, खिडकी लावा.

प्रश्न : लिंबाच्या रोपांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत. कृषी सेवा केंद्रात औषध मारायला सांगतात, मुलगी मारू देत नाही. रोपं दीड फुटाची आहेत. मधला मार्ग आहे का? (राहुरी)

आहे. ही बहुधा लाइम बटरफ्लायची अळी. लहानपणी काळपट-पांढरी, विष्ठेसारखी. शेवटची कात टाकली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून दुबेळकी शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ते शिंग टोचत नाही.

चार-पाच वर्षांच्या झाडाला दहा-बारा अळ्यांनी काही फरक पडत नाही. दीड फुटी रोप मात्र मागे पडतं, तिथे सेवा केंद्रवाल्यांचं चुकत नाही. म्हणून रोपं आणि अळ्या वेगळ्या करा. बांधावर दोन-तीन बियांची लिंबं किंवा एखादा बेल ‘अळ्यांचा’ म्हणून राखा. रोपांवर अळी दिसली की ती असलेलं पान देठासकट तोडून त्या झाडाच्या कोवळ्या पानाला सुतळीने किंवा कपड्याच्या चिमट्याने लावा. पान सुकायला लागलं की अळी आपणहून नव्या पानावर जाते. बोटांनी ओढून काढू नका. ती रेशमाच्या गादीला पाय रोवून बसलेली असते, ओढताना पाय फाटतात.

एक पथ्य : अळी लहान असतानाच झाड बदला, आणि शक्यतो लिंबावरून लिंबावरच. मोठी झालेली अळी लिंबावरून कढीपत्त्यावर ठेवली तर ती पुष्कळदा तोंडही लावत नाही आणि उपाशी मरते. पपनसावर किंवा माकडलिंबावर मोठाल्या, तशाच हिरव्या अळ्या दिसल्या तर त्यांना विशेष जपा. ते ब्लू मॉर्मन असू शकतं, २०१५ पासून आपल्या राज्याचं मानचिन्ह असलेलं.

प्रश्न : संध्याकाळी मोजलेल्या अळ्या सकाळी निम्म्या असतात. हळदीकुंकू, कढीपत्ता, दोन्हीवर हेच. कोण खातं आणि वाचवायच्या कशा? (कोल्हापूर)

सगळ्यांना वाचवायच्या भानगडीत पडू नका. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. ती सगळी जगली तर तुमच्या गल्लीत पान उरणार नाही. बुलबुल आणि शिंपी त्यांच्या पिल्लांना याच अळ्या भरवतात, त्यात गैर काही नाही. पण बागेत झाडं थोडी आणि मुंग्या फार असं झालं की एकही अळी कोषापर्यंत जात नाही. ते प्रमाण मात्र बदलता येतं.

आधी कोण नेतंय ते बघा. अंडीच गायब होत असतील तर मुंग्या, किंवा लेडीबर्ड आणि लेसविंगची पिल्लं. अळी नाही पण पानावर ओला डाग किंवा रिकामी कातडी आहे, तर कोळी किंवा शोषून खाणारा ढेकूण. दिवसाढवळ्या मधल्या आकाराच्या अळ्या जात असतील तर गांधीलमाशी. ती अळीचा गोळा करून पोळ्यात नेते. मोठ्या अळ्या पहाटे जातात त्या बहुधा पक्ष्यांच्या पोटात. आणि अळी जागेवरच आहे पण खात नाही, तिच्या अंगाला तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष चिकटलेले आहेत, तर त्या परजीवी गांधीलमाशीच्या पिल्लांनी तिला आतून खाऊन संपवलं आहे. ती अळी वाचत नाही.

मुंग्यांचं मूळ हळदीकुंकवावरच्या पिवळ्या माव्यात असतं. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि वाटेतली अंडीही उचलतात. तेव्हा मुंग्यांआधी मावा काढा. सकाळी, अळ्या असलेली पानं बाजूला करून, फांदी हातात धरून पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. ओळीने तीन दिवस. पानाखाली एकटंदुकटं, पांढरट, उभं अंडं असेल तर ते पान आधी खुडून घ्या. साबणाचं पाणी नको, ते अळीलाही मारतं. मग कुंडी पाण्याच्या ताटात विटेवर ठेवा. पाण्याचा खंदक रोज भरायचा, आणि एकही पान भिंतीला किंवा ग्रिलला टेकत नाही ना ते बघायचं. मुंगीला एवढा पूल पुरतो. (वाल-चवळीवरची पी ब्लू आणि तिच्या जातभाईंच्या अळ्या याला अपवाद. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्यांना राखतात. तिथल्या मुंग्या हाकलू नका.)

आता मुख्य उपाय, तो म्हणजे फांदीला कापडी बाही चढवणं. व्हॉइल किंवा ऑर्गंडीसारखं पातळ कापड घ्या. मच्छरदाणीच्या जाळीतून परजीवी माश्यांपैकी बारीक जाती आत जातात. मच्छरदाणीच वापरायची असेल तर ती साधी असू द्या. मलेरियाच्या कार्यक्रमात वाटतात ती औषध लावलेली असते, तिच्या आत अळी एक दिवस टिकत नाही. दीड फुटी फांदीला अडीच फूट लांब आणि फूटभर रुंद अशी दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी शिवा. चढवण्याआधी फांदी झटकून आणि प्रत्येक पान उलटून बघा. एखादा कोळी आत राहिला तर तुम्ही त्याचं ताट वाढून ठेवलंत. खालच्या तोंडाशी फांदीला कापसाची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर सुतळी आवळा, म्हणजे फट राहत नाही. आत तारेचं एक कडं घाला, नाहीतर पावसात ओलं कापड पानांना चिकटतं आणि अळ्या त्यात अडकतात. एका बाहीत तीन-चार अळ्या पुरे. दर दोन दिवसांनी खालची गाठ सोडून विष्ठा झाडून टाका. पानं संपत आली की बाही दुसऱ्या फांदीवर.

बाही चढवायची वेळ अंड्याची किंवा अंड्यातून निघाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांची. आठवड्याची अळी आत घेतली तर तिच्यात परजीवीचं अंडं आधीच पडलेलं असू शकतं. मग बाहीत फुलपाखराऐवजी माश्या निघतात आणि ‘कापडातून शिरल्या कशा’ असं कोडं पडतं.

एवढं करूनही आमचं मत असं की एक बाही शिवण्याआधी एक झाड जास्त लावावं. पानं भरपूर आणि विखुरलेली असली की गांधीलमाशीला शोधायला वेळ लागतो. आठ कुंड्या एका ओळीत ठेवण्यापेक्षा चार इथे, चार मागच्या दारी.

प्रश्न : आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला कॉमन रोज आणि मोठं काळं-पिवळं बर्डविंग फिरतं. त्यांच्यासाठी कोणता वेल? नर्सरीत बदकासारख्या फुलाचा वेल दाखवतात. (फोंडा, गोवा)

बदकवेल नको. तो बाहेरचा आहे, आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या शोभेच्या वेलाने ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगचं नुकसान झालं आहे. मादी फसून त्यावर अंडी घालते आणि अळ्या पान खाऊन मरतात. आपल्याकडचा वेल ईश्वरी, काही जण सापसन म्हणतात. कॉमन रोज, क्रिमझन रोज आणि सदर्न बर्डविंग तिन्हींना तो चालतो.

रानातला वेल उपटून आणू नका, औषधासाठी ओरबाडून तो आधीच कमी झाला आहे. फळ पिकलं की उलट्या टांगलेल्या टोपलीसारखं उघडतं आणि आत चपट्या बिया असतात. त्या ताज्या असतानाच पेरा, अर्धा सेंटिमीटर खोल, सावलीत. उगवायला महिना लागला तर घाबरू नका. पहिल्या वर्षी वेल काटकुळा राहतो. त्याला चढायला दोरी किंवा झुडूप द्या. मुळाशी सावली, शेंड्याला ऊन, असं ठिकाण कुळागरात सहज मिळेल.

एक-दोन वेल लावून अळ्यांची वाट बघू नका. पाच-सहा लावा आणि पहिलं वर्षभर जाळीखाली ठेवा. कॉमन रोजच्या अळ्या पानं संपली की कोवळी खोडंही सोलतात. जुन्या वेलाचं मूळ जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतं, पहिल्या वर्षाचा वेल कायमचा जातो. बर्डविंगची अळी तर याहून कितीतरी मोठी, तिला एकट्या कुंडीतला वेल पुरणार नाही. गडद लाल-काळ्या, मांसल काट्यांच्या अळीच्या मध्यावर पांढरा पट्टा असेल तर ती कॉमन रोजची, नसेल तर बहुधा क्रिमझन रोजची. या अळ्या वेलातलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. तेच विष, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल, माणसाची मूत्रपिंडं निकामी करतं. ईश्वरीचा काढा, पानाचा रस वगैरे घरगुती प्रयोग करू नयेत.

प्रश्न : पाचवीच्या वर्गात मुलांना अळी ते फुलपाखरू दाखवायचं आहे. मागच्या वर्षी बरणीत ठेवलेल्या अळ्या मेल्या. (सोलापूर)

बरणीत अळी मरते ती तीन कारणांनी : ओल, गर्दी आणि शिळं पान.

कॉमन मॉर्मन, लाइम किंवा प्लेन टायगर यांपैकी एक जात घ्या. ईश्वरीवरच्या अळ्या आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) अनुसूचींत काही फुलपाखरंही आहेत, आणि शाळेने ओळख न पटलेली जात हाताळू नये. तीन लिटरची रुंद तोंडाची बरणी, तोंडाला सुती कापड आणि रबर. झाकणाला भोकं पाडून भागत नाही, आत वाफ धरते. तळाला वर्तमानपत्राचा गोल तुकडा, रोज बदलायचा. मोठ्या अळ्या दोनच, आणि एकाच वयाच्या. प्लेन टायगरची मोठी अळी समोर आलेलं अंडं किंवा इवलीशी अळी खाऊन टाकते.

डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. पान धुऊन पूर्ण कोरडं करून द्या. शनिवार-रविवारसाठी पानं डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवता येतात, तीन दिवस टिकतात. देण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. नवी डहाळी जुनीला टेकवून ठेवली की अळ्या आपणच सरकतात.

अळी दिवसभर हलत नाही, डोकं पुढे आलेलं दिसतं, तेव्हा ती कात टाकणार असते. त्या काळात तिला मुलांचा हात लागू देऊ नका. वर्गाच्या खिडकीतलं थेट ऊन टाळा. आणि शिपाईमामांना सांगून ठेवा : त्या खोलीत डासांची उदबत्ती किंवा मशीन लावायचं नाही. एका रात्रीत सगळं संपतं.

वाढ पूर्ण झाली की अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर फिरत सुटते. ही हगवण नाही, कोषाची तयारी आहे. आत तिरकी काडी ठेवा. मॉर्मन काडीला कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून डोकं वर करून बसते. प्लेन टायगर कापडाला उलटी लटकते. मॉर्मनचे कोष हिरवे आणि तपकिरी, दोन्ही रंगांचे होतात. एका बरणीत हिरवी डहाळी आणि दुसरीत वाळकी काडी ठेवून मुलांना फरक नोंदवायला लावा. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा.

फुलपाखरू बहुधा सकाळी निघतं. पंख खाली लोंबतील एवढी जागा हवी, नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात आणि मग उपाय नाही. निघाल्यावर तांबूस थेंब टाकतं, ते रक्त नव्हे. दोन-तीन तासांनी, पाऊस नसताना, फुलांजवळ सोडा. साखरपाणी पाजायची गरज नाही.

प्रश्न : कोष काळा पडला म्हणजे मेला का? आणि खाली पडलेला कोष वाचतो का? (पुणे)

काळा पडला पण पातळ सालीतून पंखांची नक्षी दिसते आहे, तर उद्या फुलपाखरू निघेल. काळा, मऊ आणि वास येणारा असेल तर संपला. कागदात बांधून कचऱ्यात टाका, बरणी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. कोषाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असेल तर परजीवी माशी निघून गेली आहे. कोषातून पांढरा दोरा लोंबत असेल तर परजीवी माशीची अळी बाहेर पडली आहे. कण्हेरीखालचा आरशासारखा चकाकणारा कोष कॉमन क्रोचा, तो निरोगी आहे. थंडीत लिंबावरचा कोष कित्येक आठवडे तसाच राहू शकतो, फेकू नका. हलकेच स्पर्श केल्यावर शेपटाकडचा भाग हलला तर जिवंत आहे.

पडलेला कोष वाचतो. मॉर्मन-लाइमचा असेल तर जाड कागदाचा द्रोण करून, टोकदार शेपूट खाली, भिंतीला उभा चिकटवा. टायगर-क्रोचा असेल तर शेपटाच्या काळ्या देठाला शिवणाचा दोरा बांधून टांगा. देठ तुटला असेल तर खरखरीत कापडावर आडवा ठेवा आणि कापड एका बाजूने भिंतीसारखं उभं करा. बाहेर आल्यावर चढायला आधार लागतो.

प्रश्न : शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचा थवा आहे. ही कोणती फुलपाखरं? (जालना)

फुलपाखरं नव्हेत, पतंग. त्यांच्या केसांनी खाज सुटते. लागलेच तर चोळू नका, त्या जागी चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवा. तगरीवरची बोटाएवढी हिरवी, शेपटीला शिंग असलेली अळीही पतंगाचीच, ऑलिअँडर हॉकमॉथची. ती निरुपद्रवी आहे, राहू द्या.

प्रश्न : हापूसच्या कलमांवर बांडगूळ वाढलंय. ते काढायचंच असतं, पण त्यावर पिवळ्या-लाल ठिपक्यांची फुलपाखरं घिरट्या घालतात. (रत्नागिरी)

ते कॉमन जेझबेल. त्याच्या अळ्यांचं मुख्य खाणंच बांडगूळ. पानाच्या मागे ओळीने मांडल्यासारखी पिवळी अंडी आणि पुढे घोळक्याने राहणाऱ्या अळ्या सापडतील. त्या बांडगुळाला बोडकं करतात, कलमाला हात लावत नाहीत.

उत्पन्नाच्या कलमांवरचं बांडगूळ काढाच, त्याने फांदी वाळते. फुटव्याच्या फूटभर खालून फांदीसकट कापा, नुसतं खुडलं तर पुन्हा येतं. पण बागेच्या टोकाला एखाद्या रायवळ आंब्यावरचे दोन-तीन झुबके ठेवा. त्यांची फळं पिकण्याआधी खुडून घ्या, म्हणजे फुलटोचा पक्षी ती खाऊन बिया कलमांवर चिकटवणार नाही. कापलेल्या फांद्या लगेच जाळू नका. त्यांवर अळ्या असतील तर त्या ठेवलेल्या झुबक्याला टेकवून दोन दिवस बांधा. बांडगुळाची पानं जाड, सुकायला वेळ घेतात. तेवढ्यात अळ्या पलीकडे जातात.